वेबपृष्ठावरील चित्र आणि त्यावरचा पडदा

खिळ्यांच्या छपाईच्या काळात पुस्तकात छायाचित्र घालावयाचे म्हणजे प्रथम त्याचा जस्ताचा किंवा तांब्याचा ठसा करून घ्यावा लागे. छापखान्यातील मंडळी त्याला ब्लॉक म्हणत. ब्लॉक एकदा तयार झाला की चित्राचे रूप कायमचे ठरून जाई. चित्र फार काळवंडले असे संपादकास वाटले, तर त्याला नवा ब्लॉक करून घेण्यावाचून गत्यंतर नसे, आणि त्याचा खर्चही नव्याने सोसावा लागे.

संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसणाऱ्या वेबपृष्ठावरील चित्राची स्थिती ह्याहून अगदी निराळी आहे. तेथे एकच चित्र एका पानावर रंगीत, दुसऱ्यावर करडे, तिसऱ्यावर जुन्या छायाचित्राप्रमाणे तपकिरी आणि चौथ्यावर धुक्यातून पाहिल्यासारखे अस्पष्ट दाखविता येते. त्यासाठी चित्रास हात लावावा लागत नाही. एक ओळीची आज्ञा लिहिली की पुरे. ती ओळ खोडली की चित्र तत्क्षणी पूर्ववत होते. हे कसे साधते, आणि अशा वेळी मूळ चित्र खरोखर बदलते काय, असे दोन प्रश्न जिज्ञासू वाचकाच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोड्या अंकगणिताच्या साहाय्याने देता येईल. दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ एवढेच आहे. परंतु त्या नकारातच ह्या तंत्राची सारी सोय आणि सारा धोका साठविलेला आहे.

मजकूर एकीकडे, वेशभूषा दुसरीकडे

वेबपृष्ठ हे छापील पानासारखे एकसंध नसते. वाचकाच्या यंत्राकडे जे येते ते वेगवेगळ्या जिनसांचे गाठोडे असते. त्यात मजकूर असतो, चित्रांच्या स्वतंत्र फायली असतात, आणि मजकूर व चित्रे कशी मांडावी ह्याविषयीच्या सूचना असतात. ह्या सूचनांच्या संचास शैलीपत्रक म्हणतात. व्यवहारात स्टाइलशीट हा शब्द रूढ आहे. गाठोडे सोडून, सूचना वाचून, प्रत्यक्ष पान रचण्याचे काम वाचकाच्याच यंत्रातील ब्राउझर नावाचा कार्यक्रम करतो. म्हणजे जुळारी आणि छपाईयंत्र ही दोन्ही वाचकाच्या घरीच आहेत असे म्हणावयास हरकत नाही.

ही विभागणी आरंभापासून नव्हती. टिम बर्नर्स-ली ह्यांनी वेबची मूळ कल्पना १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेत मांडली. त्यानंतरच्या काही वर्षांत पाने लिहिणारे लोक अक्षरांचा रंग व आकार ह्यांच्या सूचना मजकुरातच मिसळून लिहू लागले, आणि पानांची चांगलीच खिचडी झाली. १९९४ च्या ऑक्टोबर महिन्यात, सर्नमध्येच काम करीत असलेल्या होकोन व्हिउम ली ह्या नॉर्वेजियन तंत्रज्ञाने असे सुचविले की, मांडणीच्या सूचना मजकुरापासून वेगळ्या काढाव्या. बर्ट बॉस हे डच तंत्रज्ञ त्यांना येऊन मिळाले, आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ह्या संस्थेने शैलीपत्रकाच्या भाषेची पहिली प्रमाणित आवृत्ती प्रसिद्ध केली. सीएसएस ह्या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते.

पहिल्या आवृत्तीत चित्रांवर संस्कार करण्याची सोय नव्हती. १९९७ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या ब्राउझरात फिल्टर नावाच्या काही आज्ञा घातल्या, पण त्या अन्य ब्राउझरांना कळत नसत. पुढे २००१ मध्ये रेषाचित्रांसाठी एसव्हीजी नावाचे प्रमाण ठरले. त्यात चित्रसंस्काराची एक समर्थ पण काहीशी क्लिष्ट यंत्रणा होती. तिचीच सोपी रूपे घडवून ती शैलीपत्रकात आणण्याचे काम २०१२ च्या सुमारास सुरू झाले. आज प्रचारात असलेले सर्व प्रमुख ब्राउझर ह्या आज्ञा पाळतात.

चित्र म्हणजे अंकांचा तक्ता

पडद्यावरील छायाचित्र असंख्य सूक्ष्म ठिपक्यांचे बनलेले असते. ह्या ठिपक्यास पिक्सेल किंवा चित्रबिंदू म्हणतात. प्रत्येक बिंदूचा रंग तीन अंकांनी सांगितला जातो. त्यांतील पहिला अंक तांबड्या प्रकाशाचा, दुसरा हिरव्याचा आणि तिसरा निळ्याचा असतो. प्रत्येक अंक ० पासून २५५ पर्यंत असू शकतो. तिन्ही शून्य असल्यास काळा, तिन्ही २५५ असल्यास पांढरा. हळदीचा पिवळा रंग साधारणपणे २४०, १८०, २० असा लिहिता येईल आणि कुंकवाचा लाल रंग १८०, २०, ३० असा. १२०० बिंदू रुंद व ८०० बिंदू उंच असलेल्या चित्रात ९,६०,००० बिंदू, म्हणजे २८,८०,००० अंक असतात. ब्राउझरच्या दृष्टीने चित्र म्हणजे एवढेच. आणि जे अंकांचे आहे त्यावर गणित करता येते.

चित्र करडे करावयाचे झाल्यास शैलीपत्रकात ‘फिल्टर : ग्रेस्केल १०० टक्के’ अशा अर्थाची ओळ लिहितात. (येथे ती देवनागरीत दिली आहे, ब्राउझरसाठी ती रोमन लिपीतच लिहावी लागते.) ही ओळ वाचून ब्राउझर काय करतो? प्रत्येक बिंदूच्या तीन अंकांची सरासरी काढून ती तिन्ही जागी लिहावी, असे प्रथमदर्शनी कोणालाही सुचेल. परंतु मानवी डोळा तिन्ही रंगांना सारखे मानीत नाही. हिरवा प्रकाश त्याला सर्वांत उजळ वाटतो, तांबडा त्याहून पुष्कळ कमी, आणि निळा अगदीच मंद. म्हणून तांबड्या अंकाला ०.२१२६, हिरव्याला ०.७१५२ आणि निळ्याला ०.०७२२ ह्या अंशांनी गुणून तिन्ही गुणाकारांची बेरीज करतात. ह्या तीन अंशांची बेरीज बरोबर १ होते, ती अर्थातच पांढरा रंग पांढराच राहावा म्हणून.

हळदीच्या बाबतीत हे गुणाकार ५१.०, १२८.७ व १.४ असे येतात आणि बेरीज १८१ होते. म्हणजे हळद फिकट करडी दिसेल. कुंकवाची बेरीज ५५ येते, म्हणजे ते जवळजवळ काळे दिसेल. हळदकुंकवाच्या करंड्याचे कृष्णधवल छायाचित्र ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे उत्तर डोळ्यांच्या अनुभवाशी जुळणारे वाटेल.

ह्याच गणितातून एक सावधगिरीची गोष्ट निघते. झाडाच्या गर्द पानाचा ३०, ६५, ३० असा हिरवा रंग घ्यावा. त्याचे गुणाकार ६.४, ४६.५ व २.२, बेरीज ५५. कुंकवाची बेरीजही ५५ च होती. रंगात दिवस आणि रात्र एवढे अंतर असलेल्या ह्या दोन वस्तू करड्या चित्रात एकमेकींपासून ओळखता येणार नाहीत. तीन अंकांचा एक अंक झाला की काहीतरी हरवणारच, आणि एकदा एक झालेल्या छटा कोणत्याही युक्तीने पुन्हा वेगळ्या होत नाहीत.

एप्रिल २०२० च्या अखेरीस, कोरोनाच्या साथीत, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने देशातील ७३३ जिल्ह्यांची तीन गटांत विभागणी केली. १३० जिल्हे लाल, २८४ नारिंगी आणि ३१९ हिरवे ठरले. आपल्या जिल्ह्यात दुकान उघडता येईल काय, कामावर जाता येईल काय, हे त्या रंगावर अवलंबून होते. अशा नकाशावर पानाच्या शोभेसाठी करड्या रंगाचा संस्कार केला, किंवा तो साध्या काळ्या शाईने छापला, आणि लाल व हिरव्या छटा दुर्दैवाने सारख्या उजळपणाच्या निघाल्या, तर नकाशातील सर्व माहिती नाहीशी होईल. लाल-हिरवा भेद जन्मतःच ओळखू न शकणाऱ्या वाचकाची अडचण तर करड्या संस्कारावाचूनही अशीच असते. म्हणून ज्या चित्रात रंग हाच अर्थ आहे तेथे अक्षर, आकडा किंवा रेघांचा नमुना ह्यांची जोड देणे आवश्यक ठरते. छायाचित्र करडे करणे ही आवडीची बाब आहे, पण नकाशा करडा करण्यापूर्वी थांबून विचार करावा.

तपकिरी, उजळ, गडद

सेपिया नावाचा संस्कार चित्रास जुनाट तपकिरी झाक देतो. माकलीच्या जातीच्या एका समुद्रप्राण्याच्या शाईवरून हे नाव पडले. जुन्या छायाचित्रकारांची तपकिरी झाक मात्र रसायनाची होती. कागदावरील चांदीचे गंधकाशी संयुग करून चित्र टिकाऊ करीत, आणि रंग हा त्याचा आनुषंगिक परिणाम असे. ब्राउझर त्याची नक्कल गुणाकारांनी करतो. १२८, १२८, १२८ हा मध्यम करडा बिंदू त्यात १७३, १५४, १२० असा होतो, आणि शुभ्र पांढरा बिंदू निळ्यात किंचित उणा होऊन २५५, २५५, २३९ असा पिवळसर बनतो. कालच काढलेल्या छायाचित्रास अशा रीतीने शंभर वर्षांचे वय देणे ही हौस म्हणून निरुपद्रवी आहे. मात्र इतिहासाच्या पानावर ती सरळ फसवणूक ठरेल.

उजळपणाची आज्ञा सर्व अंकांना एकाच संख्येने गुणते. छायाभेदाची आज्ञा १२७.५ हा मध्य धरून त्यापासूनचे प्रत्येक अंकाचे अंतर वाढविते किंवा घटविते. त्यामुळे उजळ ते अधिक उजळ व गडद ते अधिक गडद होते. गुणाकार २५५ च्या पुढे गेला तर तो २५५ वरच छाटला जातो, आणि ह्या छाटण्यामुळे आज्ञांच्या क्रमाला महत्त्व येते. एका बिंदूचा अंक २०० आहे असे समजा. प्रथम उजळपणा निम्मा केला तर १००. नंतर छायाभेद दुप्पट केला तर १०० हा मध्यापासून २७.५ ने खाली असल्यामुळे तो ५५ ने खाली जाईल, म्हणजे ७२.५ होईल. आता क्रम उलटवावा. प्रथम छायाभेद दुप्पट केला तर २७२.५, म्हणजे छाटून २५५. मग उजळपणा निम्मा केला तर १२७.५. आज्ञा त्याच, अंक तोच, पण उत्तरे दोन. ब्राउझर आज्ञा डावीकडून उजवीकडे, लिहिल्या त्याच क्रमाने पाळतो. नवशिक्यांचा पुष्कळ वेळ हे न कळल्यामुळे वाया जातो.

ह्या कुळात आणखीही आज्ञा आहेत. एक प्रत्येक अंक २५५ मधून वजा करून चित्राची निगेटिव्ह करते, एक रंगांचे चक्र फिरविते, एक चित्र पारदर्शक करते, तर एक सावली पाडते. सावलीची आज्ञा चित्राच्या चौकटीची नव्हे, तर त्यातील आकृतीची सावली पाडते. पार्श्वभूमी पारदर्शक असलेल्या मोराच्या चित्राखाली मोराच्याच आकाराची सावली उमटते. त्यांचा अधिक विस्तार करण्याचे कारण नाही.

चित्रावरील अक्षरे

ह्या आज्ञांचा सर्वांत उपयुक्त प्रयोग दिसावयास अगदी साधा आहे. कित्येक संकेतस्थळांच्या पहिल्या पानावर मोठे छायाचित्र असते आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत मथळा असतो. छायाचित्रात कोठे आकाश, कोठे वाळू, कोठे चुन्याची भिंत असते, आणि तेथे आली की अक्षरे विरून जातात. ज्यांची दृष्टी मंदावली आहे किंवा जे भर उन्हात भ्रमणध्वनी पाहत आहेत, त्यांना असा मथळा वाचता येत नाही.

वाचनसुलभतेसाठी २००८ साली प्रमाणित झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ह्यासाठी एक मोजमाप दिले आहे. अक्षरांची व पार्श्वभूमीची प्रकाशमानता ह्यांचे गुणोत्तर साध्या आकाराच्या अक्षरांसाठी निदान ४.५ आणि मोठ्या अक्षरांसाठी निदान ३ असावे. पांढऱ्यावर काळ्या अक्षरांचे गुणोत्तर २१ भरते. आता छायाचित्राचा उजळपणा शैलीपत्रकाने ४५ टक्क्यांवर आणला असे समजू. मूळ चित्रातील अतिशय पांढरा बिंदूही त्यामुळे २५५ वरून ११५ पर्यंत खाली येतो, आणि त्यावरील पांढऱ्या अक्षराचे गुणोत्तर सुमारे ४.७६ होते. इतर सर्व बिंदू ह्याहून गडदच असणार. म्हणजे चित्र कोणतेही असो, ४५ टक्क्यांवर पांढरी अक्षरे नियमात बसतात. हेच ५० टक्क्यांवर ठेवले तर पांढऱ्या बिंदूवरील गुणोत्तर ३.९८ भरते आणि नियम मोडतो. डोळ्यांना जेमतेम जाणवणाऱ्या ह्या पाच टक्क्यांवर एखाद्या ज्येष्ठ नागरिकाला निवृत्तिवेतनाच्या पानाचा मथळा वाचता येणे अवलंबून असू शकते.

मात्र ही आज्ञा केवळ चित्रास लावली पाहिजे. चित्र व मथळा ज्या चौकटीत एकत्र ठेवले आहेत त्या चौकटीलाच ती लावली, तर चौकटीच्या पोटातील सारे काही अंधारते, पांढरी अक्षरेसुद्धा. आणि पांढऱ्या भिंतीपुढे आलेले अक्षर भिंतीइतकेच करडे होऊन पूर्णपणे नाहीसे होते.

धूसरतेचे गणित

आतापर्यंतच्या आज्ञांत प्रत्येक बिंदूचा हिशेब त्याच्यापुरता होता. धूसरतेच्या आज्ञेत तसे नाही. तेथे प्रत्येक बिंदूस शेजाऱ्यांचा रंग वाटून घ्यावा लागतो. अगदी जवळच्या शेजाऱ्याचा वाटा मोठा, दूरच्याचा लहान. आणि वाटे किती असावे हे गाउस ह्या जर्मन गणितज्ञाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या घंटेच्या आकाराच्या वक्राने ठरते. आज्ञेत ८ पिक्सेल असे लिहिले तर वक्राची रुंदी ८ धरली जाते, आणि त्याच्या तिप्पट अंतरापर्यंतचे, म्हणजे चारही बाजूंना २४ बिंदूंपर्यंतचे शेजारी हिशेबात येतात. प्रत्येक बिंदूसाठी ४९ गुणिले ४९, म्हणजे २,४०१ शेजाऱ्यांचा हिशेब झाला. ९,६०,००० बिंदूंच्या चित्रास हे २३० कोटींहून अधिक गुणाकार होतात, तेही एकेका रंगाचे.

सुदैवाने गाउसच्या वक्राचा एक गुण येथे उपयोगी पडतो. संपूर्ण चित्र प्रथम केवळ आडव्या दिशेने धूसर केले आणि आलेले चित्र मग केवळ उभ्या दिशेने धूसर केले, तरी उत्तर तेच येते. मग दर बिंदूस २,४०१ ऐवजी ४९ अधिक ४९, म्हणजे ९८ गुणाकार पुरतात. २३० कोटींचे साडेनऊ कोटींच्या आत येतात. ह्याशिवाय, घंटेच्या वक्राऐवजी साधी सरासरी लागोपाठ तीन वेळा काढली तर तीही त्या वक्राच्या अगदी जवळ जाते; मोठ्या धूसरतेसाठी ब्राउझरांना ही काटकसर करण्याची मुभा प्रमाणातच दिलेली आहे. तरीही पडदाभर पसरलेले धूसर चित्र हलते ठेवले, तर हा हिशेब सेकंदाला साठ वेळा करावा लागतो. कमी किमतीच्या भ्रमणध्वनीवर पान अडखळू लागते आणि त्याची विद्युत्घटमाला लवकर उतरते. महागड्या यंत्रावर पान रचणाऱ्याच्या हे ध्यानात येत नाही.

येथेच आणखी एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. चित्र धूसर दिसते म्हणून त्याची फाइल लहान होत नाही. ती पूर्वीइतकीच मोठी, पूर्वीइतकीच स्पष्ट येते, आणि आल्यावर धूसर केली जाते.

पडद्यामागे मूळ चित्र

शेवटच्या वाक्यातील गोष्ट हिशेबी वाटते, परंतु तिचा परिणाम एखाद्या माणसाच्या आयुष्यापर्यंत पोहोचू शकतो.

लैंगिक अत्याचारास बळी पडलेल्या व्यक्तीची ओळख प्रकट करणे हा आपल्या देशात गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमानुसार त्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. पूर्वीच्या दंडसंहितेत हीच तरतूद २२८ अ ह्या कलमात होती. बालकांच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे २३ वे कलम माध्यमांवर असेच बंधन घालते. निपुण सक्सेना खटल्याच्या निकालात, ११ डिसेंबर २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने असे बजावले आहे की, केवळ नावच नव्हे, तर ज्यावरून दूरान्वयानेही ओळख पटेल असे काहीही छापू वा प्रसारित करू नये.

आता असे समजा की, एखाद्या बातमीच्या पानावर अशा व्यक्तीचे छायाचित्र घालण्यात आले आणि चेहरा ओळखू येऊ नये म्हणून शैलीपत्रकात २० पिक्सेलांच्या धूसरतेची आज्ञा लिहिली गेली. पान रचणाऱ्याने ते आपल्या पडद्यावर तपासले. चेहरा मुळीच ओळखू येत नाही. त्याचे समाधान झाले. वस्तुतः त्याने काहीच झाकलेले नाही. चेहऱ्याचे स्पष्ट छायाचित्र प्रत्येक वाचकाच्या यंत्रात जसेच्या तसे पोहोचले आहे. धूसरता ही वाचकाच्याच घरी, वाचकाच्याच ब्राउझरने, मिळालेल्या सूचनेप्रमाणे वरून टाकलेली जाळी आहे. वाचकाने चित्रावर टिचकी मारून ते जतन करून घेतले तर त्याच्या हाती मूळ स्वच्छ प्रत येते. काही ब्राउझरांत शैलीपत्रक बंद करण्याची सोय सरळ निवडसूचीतच असते. ती वापरली की जाळी उडते. हे करण्यास विशेष ज्ञान लागत नाही, आणि त्यात वाचकाकडून कोणतेही कुलूप फोडले जात नाही, कारण कुलूप मुळात लावलेलेच नव्हते.

हीच गोष्ट शैलीपत्रकातील अन्य युक्त्यांनाही लागू पडते. चित्राचा नको असलेला भाग चौकटीबाहेर ठेवून कापल्यासारखा दाखविता येतो, पण फाइलीत तो भाग कायम असतो. चित्रावर काळी पट्टी ठेवता येते, पण ती पट्टी पानावर असते, चित्रात नसते. उजळपणा शून्यावर आणून संपूर्ण चित्र काळे केले तरी शून्याने गुणण्याचे काम वाचकाकडे गेल्यावर होते. ओळखपत्राची छायाप्रत, रुग्णाचा तपासणी-अहवाल, परीक्षेची उत्तरपत्रिका, ज्याच्यावर ‘तूर्त झाकून ठेवू’ अशा समजुतीने धूसरतेची आज्ञा लावली जाते ती प्रत्येक वस्तू ह्या नियमाखाली येते.

जे दाखवावयाचे नाही ते पाठविता कामा नये. चेहरा झाकावयाचा असेल तर तो चित्रसंपादनाच्या कार्यक्रमात, फाइलीतील अंक प्रत्यक्ष बदलून झाकावा, आणि तशी नवी फाइल संकेतस्थळावर ठेवावी. जुनी फाइल तेथून काढून टाकावी. तेथेही हलक्या धूसरतेवर किंवा मोठ्या चौकोनी ठिपक्यांवर विसंबून राहू नये. धूसर बिंदूत शेजाऱ्यांचे वाटे शिल्लक असतात, आणि त्यांवरून मूळ अक्षरे किंवा आकडे गणिताने अंशतः परत मिळविण्याच्या पद्धती उपलब्ध आहेत. सपाट काळा ठोकळा अधिक भरवशाचा, कारण त्याखालील प्रत्येक बिंदूच्या जागी ०, ०, ० हेच अंक लिहिलेले असतात आणि त्यात मूळ रंगाचा कोणताही अंश उरत नाही. झाकलेले चित्र जतन केल्यानंतर फाइलीतील आनुषंगिक माहितीही तपासावी. कॅमेरा पुष्कळदा फाइलीच्या आरंभी त्या छायाचित्राची एक चिमुकली प्रत ठेवून देतो, आणि काही संपादन-कार्यक्रम मोठे चित्र बदलताना ती चिमुकली प्रत बदलावयास विसरतात. तेथे चेहरा तसाच असतो, आणि छायाचित्र कोठे काढले त्या जागेचे अक्षांश-रेखांशही तेथेच नोंदलेले असू शकतात.